तिसरी सही

आषाढ लागला की पुण्यात दोन तट पडतात. एक तट संध्याकाळी नदीकडच्या खिडक्या लावून घेत "सुरू झालं यांचं" म्हणणाऱ्यांचा. दुसरा त्याच वेळी ओढणी कमरेला आवळून दुचाकीवरून नदीपात्राकडे निघालेल्यांचा. पुलांच्या आसपास पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या शेड उभ्या राहतात, वाद्यपूजनाचे नारळ फुटतात आणि गणपती येईपर्यंत त्या काठाला शांतता म्हणून मिळत नाही. मी कैक वर्षं पहिल्या तटाची इमानी सभासद आहे. यंदा मात्र घरातच फूट पडली. आठवीतली भाची शाळेच्या ढोल-ताशा पथकात जायचं म्हणते आहे.

शाळेनं पालकांसाठी नियमांचं पत्रक पाठवलं. ताईनं ते माझ्या हातात दिलं, कारण बारीक अक्षरातलं शेवटपर्यंत वाचण्याची खोड घरात मलाच. सराव रोज, रविवार धरून. न कळवता तीन दिवस गैरहजर राहिल्यास नाव कमी. वेळेआधी येऊन वाद्यं बाहेर काढायची, ढोल ताणायचे, संपल्यावर पुसून जागेवर ठेवायचे. मोबाईल पिशवीत. अंगावर दागिना नाही, डोळ्यांवर गॉगल नाही. घटक चाचणीत घसरण झाली तर वर्गशिक्षकांच्या चिठ्ठीशिवाय ढोल वाजवायचं टिपरू हातात मिळणार नाही. आणि सगळ्यात शेवटी: पूर्ण सराव केला म्हणजे मिरवणुकीत वादन मिळेलच असं नाही.

"एवढ्या अटी तर आपल्या भाडेकरारात नव्हत्या," भावजी म्हणाले. त्यांचा खरा आक्षेप शेवटच्या अटीवर होता. "दोन महिने पोरीनं चिखल तुडवायचा आणि विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर जायचं दुसऱ्यानं? मग सराव कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण शाळेचं पथक कशासाठी असतं, हे ठाऊक असेल तर उत्तरही अवघड नाही.

आमच्या शाळेत बँड होता. बिगूल, ड्रम, एक ट्रँगल. निवड उंचीवर व्हायची आणि बांधिलकी पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन संपलं की संपायची. ढोल-ताशाचं प्रकरण निराळं आहे. मावळ-मुळशीकडच्या गावांमधले ढोल-लेझीम शहरातल्या मिरवणुकांना नवे नव्हते. पण या वादनाला रांगा, गणवेश आणि हजेरीपट मिळाला तो मुख्यतः शाळांच्या अंगणात. आप्पा पेंडसे यांनी 1962 साली स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी, 1880 च्या न्यू इंग्लिश स्कूलचा वारसा सांगणारी रमणबाग, 1883 सालची नूमवि. या शाळांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची पथकं पुणेकर नावानं ओळखतात. प्रबोधिनीचं बरचीनृत्य पाहायला माणसं रस्त्याकडेला जागा धरून थांबत. आज गल्लोगल्ली पथकं आहेत, 'वादक पाहिजेत'चे फलक चौकाचौकांत आहेत, नथ घालून ताशा वाजवणाऱ्या मुलींचे फोटो मोबाईलवर फिरतात. या गर्दीत शाळेच्या पथकाचं वेगळेपण एकच: तिथे मूल आधी विद्यार्थी असतं, वादक नंतर. म्हणून अटी.

त्यातली हजेरीची अट मला सुरुवातीला हट्टी वाटली. मग नदीपात्रात जाऊन एक सराव पाहिला. पथकात ताशे मोजके, ढोल पुष्कळ. ताशा सांगतो, ढोल ऐकतो. हात कधी बदलायचा, कधी चढवायचा, कधी तोडायचा हा इशारा ताशाकडून येतो. आता गंमत अशी की आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पुढच्या ताशापासून तीस मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलाला तो ठोका सेकंदाच्या जवळजवळ दहाव्या भागानं उशिरा ऐकू येतो. संथ लयीत हे खपून जातं. लय चढली की मागची रांग प्रामाणिकपणे कानावर विसंबून वाजवत असतानाच मागे पडते आणि सगळं वादन चिरफाळतं. यावर उपाय कानांचा नाही, डोळ्यांचा आहे. मागच्यांनी वर उचललेला हात पाहायचा, शेजारच्याचा खांदा पाहायचा, टोल देणाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. हे घरी बसून येत नाही, व्हिडिओ पाहूनही येत नाही. सगळे असतात तेव्हाच ते येतं. चार मुलं आज नाहीत आणि दुसरी चार उद्या नाहीत, तर तो सराव कुणाचाच होत नाही. रजा आपली एकटीची असते, पण तिची वजावट सगळ्यांच्या खात्यातून होते, हे आठवीच्या मुलीला सांगायला याहून सोपी जागा मला ठाऊक नाही.

वाद्य लावण्या-काढण्याची अटही अशीच. ढोलाची पानं आता बहुतेक ठिकाणी चामड्याऐवजी फायबरची असतात, पण दोऱ्या दमट हवेत सैलावतातच. ढोल ताणायला दोघं लागतात. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं धरायचं. नव्या मुलांचा पहिला आठवडा यातच जातो. टिपरू उजव्या हातात आणि डावीकडची थापी उघड्या तळव्यानं, त्यामुळे हात सोलवटतात. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली मुलं तिथे ढिगानं दिसतात. भाची सही होण्याआधी एक दिवस सरावाला जाऊन आली, तेव्हा तिनं ढोलाला हातही लावला नाही. टाळ्यांवर ठेका धरला आणि नंतर ताडपत्री झाडली. तिला ते जाम अपमानास्पद वाटलं. मला आवडलं. आपल्या घरात ती स्वतःचं ताट उचलत नाही.

पण पत्रकात नसलेली आणि मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे थांबणं. ताशाप्रमुखानं मूठ आवळली की त्या क्षणी सगळे ढोल बंद. एखादा जरी 'धप्प' उरला तरी पुन्हा पहिल्यापासून. हा कवायतीचा सोस नव्हे. विसर्जनाच्या दिवशी भर गर्दीत रुग्णवाहिका आली की वाजतं पथक थांबतं, रांगा दुभंगतात आणि गाडी जाते. लक्ष्मी रस्त्यावर हे अनेकांनी पाहिलं आहे. ते त्या दिवशीच्या सद्भावनेनं होत नाही. रोज संध्याकाळी चिखलात थांबायचा सराव झालेला असतो म्हणून होतं. अंगात वारं भरलेलं असताना हात रोखणं, हे वाजवण्याहून अवघड आहे. भावजींच्या 'मग सराव कशाला' याचं माझ्यापुरतं उत्तर हे. मिरवणूक हा एक दिवस आहे. मूल घडतं ते आधीच्या दोन महिन्यांत, आणि ते दोन महिने निवड झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही सारखेच मिळतात.

इथवर मी शाळेच्या बाजूनं आहे. आता दुसरी बाजू.

पत्रक मी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यातलं प्रत्येक वाक्य 'विद्यार्थ्याने' या शब्दानं सुरू होतं. 'पथकाने' असं सुरू होणारं वाक्य एकही नाही.

साधी वजनाची गोष्ट घ्या. मुलाचं दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, असा आदेश महाराष्ट्रानं 2015 सालीच काढला. शाळांमध्ये त्यासाठी तराजू आले. संध्याकाळी त्याच मुलाच्या कमरेला बांधल्या जाणाऱ्या ढोलाला असं कोणतंही माप नाही. कोणत्या इयत्तेला कोणत्या आकाराचा ढोल आणि सलग किती वेळ, हे ठरवायला आदेशाची वाट कशाला पाहायची? मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंतचं विसर्जन मिरवणुकीचं अंतर एरवी अर्ध्या तासात चालून होतं. मिरवणुकीत तेच कित्येक तासांचं होतं. सगळी मिरवणूक तर हल्ली एक दिवस उलटून दुसऱ्या दिवसावर जाते. त्यातले किती तास आपलं मूल ढोल बांधून उभं असेल, मध्ये बसायला मिळेल का, पाणी कोण देईल, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे असेल, रात्री घरी कोण सोडेल. यावर पत्रकात एक ओळ नाही.

आणि कान. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेचा हिशेब असा: 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला अवघी पंधरा मिनिटं. हा हिशेब प्रौढांचा आहे, तेराव्या वर्षाच्या कानांचा नव्हे. सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी कितीतरी वर्षं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांमध्ये आवाज मोजतात. त्यांच्या नोंदींची सरासरी काही वर्षी शंभराच्या पुढे गेली आहे. त्यात भिंतींसारख्या रचलेल्या ध्वनिवर्धकांचा वाटा आहेच. पण ढोलाला सर्वांत जवळ असतो तो वाजवणाराच, आणि तो एक दिवस नव्हे, पूर्ण हंगामभर असतो.

2024 च्या गणेशोत्सवाआधी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठानं एका पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत, असा आदेश दिला होता. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. शहरात पेढे वाटले गेले, तितक्याच खिडक्या चिडून लागल्या. माझी खिडकी त्यांतली. त्या वादात रहिवाशांच्या कानांची चर्चा झाली, परंपरेची झाली, रोजगाराची झाली. वाजवणाऱ्या पोरांच्या कानांविषयी मात्र माझ्या वाचनात काही आलं नाही.

खरं तर उपाय स्वस्त आहे. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात थोड्या रुपयांत मिळतात. त्यानं ताल ऐकू येणार नाही, असं मुलं म्हणतात. पण मागच्या रांगांना डोळ्यांनी ताल धरायला शिकवणाऱ्या पथकाला तरी ही सबब शोभत नाही. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी ढोलाऐवजी ध्वज हातात द्यावा, एवढं एक वाक्य पत्रकात आलं तर पुष्कळ काम होईल.

उरला पैसा. मंडळं पथकांना मानधन देतात. बोलीभाषेत त्याला सुपारी म्हणतात. वाद्यं, दुरुस्ती, गणवेश, टेम्पो यांना पैसा लागतो, हे मान्य. वादक बहुधा विनामोबदला वाजवतात, हेही ठीक. शाळेच्या मुलांना मोबदला नकोच. पण मग किती आले आणि कशावर गेले, हे हंगाम संपल्यावर एका कागदावर पालकांना दाखवायला काय हरकत आहे? शिवाय गणपतीनंतरही सुपाऱ्या येतात. सहामाही परीक्षेच्या तोंडावर आलेली सुपारी घ्यायची की नाही, हे कोण ठरवणार? मुलाचे गुण घसरले तर पथक त्याला थांबवणार. पथकाच्या वेळापत्रकानं गुण घसरले तर पथकाला कोण थांबवणार?

हे सगळं ताईनं पालकसभेत विचारलं. पथकाचे सर भले गृहस्थ आहेत, मुलांसाठी हंगामभर स्वतःच्या संध्याकाळी घालवतात. ते हसून म्हणाले, "लिहून कशाला हवं? आम्ही आहोत ना!"

त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण मुलांना हा मार्ग खुला नाही. भाची उद्या हजेरीपटापाशी जाऊन "लिहून कशाला हवं, मी आहे ना" म्हणाली, तर चालेल का? मुलांनी शिस्त लेखी पाळायची आणि मोठ्यांनी तोंडी, अशी विभागणी पथकात तरी नसावी. ताल सगळ्यांना एकच असतो.

भाची जाणार आहे. ताईनं सही केली, भाचीनं केली. पत्रकाच्या तळाशी तेवढ्या दोनच रेघा होत्या. मी पेन घेऊन खाली तिसरी रेघ ओढली, 'पथकप्रमुख' असं लिहिलं आणि त्यावर चार ओळी घातल्या: ढोलाचा आकार इयत्तेनुसार. ठरावीक वेळानं विश्रांती आणि कानांत बोळे. रात्री प्रत्येक मूल पालकाच्या हाती दिल्याशिवाय पथक पांगणार नाही. हंगामाचा जमाखर्च दसऱ्यापर्यंत. भावजींनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मते आता पोरीला पहिल्या दिवसापासून "त्या मावशीची भाची" म्हणून ओळखतील. ओळखू देत. ज्या पालकांच्या घरी असं पत्रक आलं असेल, त्यांनी ह्या चार ओळी खुशाल उतरवून घ्याव्यात. पन्नास पत्रकं तिसऱ्या रेघेसकट परत गेली, तर पुढच्या वर्षी ती रेघ छापूनच येईल.