अमानत नेणाऱ्या पेटीची परीक्षा

अवयवदानाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा 'जायज की नाजायज' यावरच थांबते. 1988 साली जेद्दाच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने काही अटींवर अवयवदानाला परवानगी दिली. मतभेद आजही आहेत. पण त्यापुढचा प्रश्न आपण विचारतच नाही: दान केलेलं हृदय ज्या पेटीतून जातं, ती भरवशाची आहे हे कोण ठरवतं?

बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तास टिकतं. हा वेळ आणि धोका हाताळणारी दोन साधनं अमेरिकेत वापरात आहेत. 'शेर्पापॅक' हृदयाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता 4 ते 8 अंशांवर ठेवते. जुन्या पद्धतीचीच ही सुधारणा. त्यामुळे बाजारातल्या आधीच्या साधनाशी ती बरोबरीची आहे हे दाखवणं एफडीएला पुरलं. याला 'क्लिअरन्स' म्हणतात. ट्रान्समेडिक्स कंपनीचं यंत्र मात्र दात्याचंच रक्त फिरवून हृदय उबदार आणि धडधडतं ठेवतं. ते सर्वाधिक जोखमीच्या वर्गातलं, म्हणून रुग्णांवरच्या चाचण्यांचा पुरावा देऊन 'अप्रूव्हल' मिळवावं लागलं. आपल्या बातम्यांत दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, 'मान्यता'.

या दुसऱ्या यंत्राची कहाणी मुळातून समजून घ्यावी अशी आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 दिवसांनी यंत्राच्या गटातले 94 टक्के आणि बर्फाच्या गटातले 97 टक्के रुग्ण नव्या हृदयासह जिवंत होते. निकाल 'कमी नाही' असा ठरला. पण पुढच्या वर्षांत यंत्राच्या गटात मृत्यू जास्त दिसले. एफडीएने हे आकडे एप्रिल 2021 मध्ये तज्ज्ञांच्या खुल्या बैठकीत मांडले. सप्टेंबरमध्ये मंजुरी मिळाली, पण ती बर्फात नेणं शक्य नाही म्हणून आधी नाकारली गेली असती अशा हृदयांपुरती, आणि पुढेही रुग्णांचा अभ्यास चालू ठेवण्याच्या अटीवर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'मागच्या व्हर्जनसारखंच आहे' म्हणत टेस्टिंग उरकण्याचा मोह तिथे रोज होतो. आमच्याकडे फार तर सर्व्हर बंद पडतो. इथे एका घराने दुःखाच्या क्षणी दिलेली अमानत वाया जाते आणि वाट पाहणारा माणूसही जातो.

भारतात 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग आहेत. नियम आहेत, तर त्यामागचा पुरावाही सामान्य माणसाला वाचता यायला हवा. अवयवदानाबद्दल आपल्या समाजात जी धास्ती आहे, ती सगळी मजहबी नाही. बरीचशी अविश्वासाची आहे, आणि अविश्वास भाषणांनी जात नाही. गैरसोयीचे आकडेही उघड मांडले तरच तो कमी होतो.

म्हणून मोहल्ल्यात अवयवदानाचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा आलिम आणि डॉक्टर यांच्यासोबत उपकरणांची तपासणी जाणणाऱ्यालाही बोलवा. आणि इंजिनिअरिंग, फार्मसी शिकणाऱ्यांनी या क्षेत्राकडे करिअर म्हणून बघा. अमानत सांभाळणाऱ्याला प्रश्न विचारणं हा अविश्वास नव्हे, ती आपली जबाबदारी आहे.