वेल पावसाळ्यात, पाहणी मार्चमध्ये

फेब्रुवारीअखेर पर्जन्यछायेतल्या एका तालुक्यातून आमच्या वर्गणीदाराने एका परिपत्रकाची प्रत पाठवली. दुर्मिळ वनस्पतींची गावनिहाय पाहणी करून विहित नमुन्यातला अहवाल 20 मार्चपूर्वी सादर करावा, निधी अखर्चित राहिल्यास संबंधितांवर जबाबदारी निश्चित केली जाईल, असा त्याचा गोषवारा. सोबतच्या यादीत आपली कडवी नाई, म्हणजे कोरॅलोकार्पस एपिजिअस ही पावसाळी कंदवेल, होती. याचा आनंद मानावा तोच अहवालही हाती आला. कडवी नाईपुढे शेरा : 'आढळून आली नाही.' पुरावा म्हणून छायाचित्र. त्यात नेपतीचे एक झुडूप, झुडपापुढे पाच माणसे आणि त्यांच्या हातात योजनेचा फलक.

त्या छायाचित्रावर भिंग धरून पाहिले. नेपतीच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, सुतळीच्या धाग्याएवढी बारीक अशी एक करडी काडी तणाव्यांचे वेढे फांदीला घालून लटकलेली दिसते. ती कडवी नाईच होती, असे आमचे म्हणणे नाही. भोपळ्याच्या कुळातल्या निम्म्या रानवेली वाळल्यावर अशाच दिसतात. पण बुंध्याशी वीतभर माती हाताने सारली असती तर खाली कंद आहे की नाही, एवढे तरी कळले असते. मग माती परत लोटून द्यायची, झाले. अहवालाच्या नमुन्यात तसा रकानाच नाही. त्यात रकाने आहेत ते पानांचा आकार, फुलांचा रंग आणि फळांचा रंग यांचे. मृगाच्या सरींनी कंदातून धागा फुटायचा, श्रावण-भाद्रपदात फळ लाल व्हायचे आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास वर काहीच उरायचे नाही, अशी जिची रीत, तिच्या फळाचा रंग मार्चमध्ये कोण लिहिणार?

पाच माणसांवर आमचा राग नाही. त्यांना पाठवले ते कधी, हा प्रश्न आहे. प्रस्ताव पावसाळ्यात मागवायचे, मंजुरी दिवाळीच्या मागेपुढे द्यायची, पैसे जानेवारीत वर्ग करायचे आणि हिशेब 31 मार्चला मिटवायचा. या चक्रात वनस्पती बसत नसेल तर तो वनस्पतीचा दोष. आमच्या एका सदस्याने कार्यालयात जाऊन विचारले की साहेब, हेच काम ऑगस्टमध्ये का नाही? उत्तर मिळाले, 'पावसाळ्यात गाडी आत जात नाही.'

आणखी एक गोष्ट कागद तयार करणाऱ्यांच्या ध्यानातही आली नसावी. माण, खटाव, फलटणकडच्या माळांवर कोणत्या झुडपाखाली कोणता कंद आहे हे ज्यांना तोंडपाठ असते, ते मेंढपाळ दिवाळीनंतर वाडे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मार्चमध्ये माळावर वेल नसते आणि वेल दाखवणारा माणूसही नसतो. उरतो तो ग्रामसेवक, आणि त्याच्या डोक्यावर घरपट्टीची वसुली.

हे नवे नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 च्या ऑगस्टमध्ये बजावले की प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही 31 जानेवारी 2020 पर्यंत झालीच पाहिजे, नाहीतर 1 फेब्रुवारीपासून राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील. आदेशामागचा त्रागा रास्तच होता. जैवविविधता कायदा 2002 चा, आणि सतरा वर्षे यंत्रणा झोपली होती. पण जाग आली ती हिवाळ्यात. आमच्या पाहण्यात आलेल्या नोंदवह्यांत वड, पिंपळ, आंबा, कडुनिंब आहेत, दोन शेजारच्या गावांच्या वह्यांत तर शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच आहेत. पावसाळी कंदवेल एकीतही नाही. कोऱ्या वहीने एकवेळ कमी नुकसान केले असते, कारण कोरी वही निदान 'नाही' असे म्हणत नाही.

'नाही'चा अर्थ आपल्याकडे फार गंभीर होतो. ज्या माळावर काही 'आढळून आले नाही' तो माळ कागदोपत्री पडीक ठरतो. पडीक जमिनीला मुरूम उपशाचा परवाना मिळतो, सौरप्रकल्पासाठी ना-हरकत मिळते, आणि काहीच नाही तर खड्डे खोदून गिरिपुष्पाची लागवड तरी होतेच. तिथे कंद होता असे पुढे कोणी म्हटले तर त्याच्यासमोर शिक्क्यानिशी अहवाल ठेवला जातो.

आता दुसरी बाजू. या अहवालाने संतापलेल्या आमच्या सदस्यांची पत्रे गठ्ठ्याने आली आहेत. जैवविविधता कायद्याच्या कलम 38 खाली कडवी नाई नामशेष होण्याच्या मार्गावरची म्हणून अधिसूचित करावी, मासिकाने सह्यांची मोहीम घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. सही करण्याआधी त्यांनी एका परदेशी वेलीचे चरित्र ऐकावे.

अॅरिझोनातल्या टूसॉन शहराला लागून टुमामॉक नावाची टेकडी आहे. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने 1903 मध्ये तिच्यावर वाळवंट-प्रयोगशाळा उभारली. तिचे संचालक मॅकडुगल यांना 1908 मध्ये त्याच टेकडीवर भोपळ्याच्या कुळातली एक नाजूक वेल मिळाली. जोसेफ नेल्सन रोझ यांनी 1912 मध्ये तिच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली : टुमामोका मॅकडुगली. जमिनीत कंद, वर दरवर्षी नवी फुटणारी दोऱ्यासारखी खोडे, खोल चिरलेली तीन खंडांची पाने आणि सेंटिमीटरभर व्यासाचे गोल लाल फळ. ती वाढते ती क्रिओसोट, पालोव्हर्दे, मेस्कीट यांसारख्या झुडपांच्या आधाराने, त्यांच्याच सावलीत. वर येते ती जुलैत पाऊस पडल्यावर. सोनोरन वाळवंटालाही मोसमी पाऊस आहे आणि टूसॉनच्या वर्षाच्या 30 सेंटिमीटरच्या आतबाहेरच्या पावसातला निम्मा त्या दोन-अडीच महिन्यांत पडतो.

जगातली एक नामांकित वाळवंट-प्रयोगशाळा डोक्यावर असूनही ही वेल कित्येक दशके क्वचितच कोणाच्या हाती लागली. कारण तुमच्या ओळखीचे आहे. त्या वाळवंटात वनस्पतिशास्त्रज्ञांची झुंबड उडते ती वसंतात, हिवाळी पावसावर फुलणाऱ्या वार्षिक वनस्पतींसाठी, म्हणजे त्यांच्याही मार्चमध्ये. ऑगस्टच्या उकाड्यात काटेरी झुडपांत डोके घालायला फारसे कोणी जात नसे.

नमुने थोडे, ठिकाणे थोडी, आणि त्या ठिकाणांवर शहर व कालवा दोन्ही चालून येत होते. कालवा साधा नव्हता. कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 540 किलोमीटर वाहून टूसॉनपर्यंत आणणारा मध्य अॅरिझोना प्रकल्प होता तो. अखेर 29 एप्रिल 1986 रोजी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने ही वेल संकटग्रस्त जाहीर केली. तिथला 1973 चा कायदा असा की संघ सरकारचे कोणतेही खाते अशा जातीच्या वस्तीत काम करणार असेल तर त्याला आधी सल्लामसलत करावीच लागते. त्यामुळे कालवा खोदणाऱ्या खात्यालाच वेलीच्या शोधावर खर्च करणे भाग पडले. माणसे पावसात बाहेर पडली, अॅरिझोनात हिंडली, सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात दूरवर गेली. वेल सापडत गेली. कोणाच्या कल्पनेत नव्हता एवढा तिचा विस्तार निघाला. 18 जून 1993 रोजी तिचे नाव यादीतून काढले गेले. कारणाच्या रकान्यात लिहिले : मूळ माहिती चुकीची, नवी माहिती उपलब्ध.

कालव्याचे काम जवळपास पूर्ण झाल्याचे जाहीर झाले तेही 1993 मध्येच. संशयी वाचकांना यात काळेबेरे दिसेल. आम्हाला दिसत नाही. कारण वेल सापडली ती हंगामात, प्रत्यक्ष जमिनीवर हिंडून, आणि ती सापडली म्हणूनच नाव निघाले. एखाद्या खात्याने कागदावर 'मूळ माहिती चुकीची' असे लिहिण्याची हिंमत दाखवली, याचेच आम्हाला अप्रूप वाटते. आपल्याकडे तो रकाना कोणत्याच नमुन्यात नाही.

यादीत घालणे वाया गेले, असाही याचा अर्थ नाही. यादीत नाव नसते तर शोधाला पैसा मिळाला नसता, आणि शोध झाला नसता तर कालव्याच्या वाटेवरच्या वस्त्या मोजल्याविनाच गेल्या असत्या. नाव निघाले म्हणून वेल निर्धास्त झाली, असेही नाही. तिचा आजचा वैरी वेगळाच आहे आणि तो आपल्या घरचा आहे. आपण ज्याला अंजन गवत म्हणून डोक्यावर घेतो, माळ सुधारायला ज्याचे बी फेकतो, ते सेन्क्रस सिलिअरिस तिथे चाऱ्यासाठी नेले गेले. सोनोरात त्यासाठी विस्तीर्ण झाडोरा साफ करण्यात आला. त्या वाळवंटाला आगीची सवय नाही, आणि हे गवत वणवा घेऊन येते. आश्रयाची झुडपे गेली की वेलीला उभे राहायला जागा नाही. टुमामॉक टेकडीवरही ते माजले असून स्वयंसेवक ते उपटत असतात. परतफेड म्हणायची तर मेस्कीटच्या गणगोतातली वेडी बाभूळ अमेरिका खंडांतून येऊन आपल्या माळांवर बसली आहेच.

तेव्हा सह्या मागणाऱ्यांना आमचा सरळ प्रश्न : तुमची कडवी नाई 'दुर्मिळ' कशावरून? दहा वर्षांत दोनदा दिसली म्हणून? या दहा वर्षांत पावसाळ्यात किती माळ तुडवलेत? शासनाचे 'आढळून आली नाही' आणि तुमचे 'दुर्मिळ झाली आहे' ही एकाच खोडीची दोन रूपे आहेत. दोघांनीही वेलीच्या वेळेला जाऊन पाहिलेले नाही. अधिसूचनेची मागणी करायची तर हातात असे पुरावे हवेत की उद्या पाहणी झाल्यावर आपलेच तोंड लपवावे लागू नये. आणि समजा पाहणीत ती भरपूर निघाली, तर आनंदच आहे. काही सदस्यांना त्यात पराभव वाटतो, हे आम्हाला कधी उमगलेले नाही.

सदस्यांबद्दल बोलतोच आहोत तर आणखी. कडवी नाईच्या लाल पट्ट्याच्या, चोचदार फळाचे सुंदर छायाचित्र समूहावर टाकायचे आणि गाव विचारले की 'सोलापूरकडे' म्हणायचे, ही नोंद नव्हे. रोपवाटिका चालवणाऱ्या दोघा-तिघांनी माळावरचे कंद उकरून, निम्मे मातीवर ठेवून, कुंडीत शोभेला विकायला सुरुवात केली आहे. त्यांच्या जाहिराती या मासिकात यापुढे घेतल्या जाणार नाहीत. बी लावा. फळे पिकली की थोडी घ्या, बाकीची पाखरांना ठेवा. बियांचे रोप कंद धरायला वेळ लावते हे मान्य, पण तेवढा धीर नसेल तर दुसरा धंदा पाहावा.

कार्यालयांकडून मागायचे ते फार नाही. पावसाळी कंदवेलींची पाहणी 15 जुलै ते 15 ऑक्टोबर या काळातच व्हावी आणि तिचा निधी आदल्या आर्थिक वर्षातच मंजूर असावा. हे होईपर्यंत एक बिनखर्चाचा उपाय आहे : 'आढळून आली नाही' ऐवजी 'हंगामाबाहेर पाहणी केली, निष्कर्ष नाही' असा शिक्का करून घ्या. रबरी शिक्क्याला निविदा लागत नाही. अधिकारी तो आपणहून करणार नाहीत, हे उघड आहे. पण तुमच्यातले बरेच जण आपापल्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहेत. बैठकीचा भत्ता घेऊन समोर येईल त्या कागदावर सही करणे थांबवा. हंगामाबाहेरच्या अहवालावर समिती सही करणार नाही, असा ठराव मेच्या सभेतच घ्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. सभा ठेवायची ती मेंढपाळ गावात परतल्यावर, आणि सकाळी अकराला नको, संध्याकाळी मेंढरे वाड्यात आल्यावर.

आता वळीव येईल. पहिला दमदार पाऊस झाल्यापासून तीन-चार आठवड्यांनी तुमचा नेहमीचा माळ धरा. बोर, हिवर, नेपती, तरवड, एकेका झुडपाच्या आत हात घालून बघा, काटे लागतील. वेल मिळाली तर गाव, गट क्रमांक, आश्रयाचे झुडूप, फूल-फळाची अवस्था आणि आधीच्या पावसाची तारीख लिहा. कंदाला हात लावू नका. त्याच जागी भाद्रपदात पुन्हा जा. आणि वेल मिळाली नाही तरीही हे सगळे लिहा. हंगामात घेतलेला, तारीख असलेला नकार आज आपल्याकडे कुठेच नाही, आणि तो नसेल तर अधिसूचनेची मागणी पहिल्याच सुनावणीत आपटेल.

नोंदी 31 ऑक्टोबरपर्यंत आमच्याकडे पोचाव्यात, पाकिटावर तालुका ठळक लिहावा. पाहणीची तारीख नसलेली नोंद छापली जाणार नाही, मग ती पाठवणारा कितीही जुना सदस्य असो.