बांधावरचा कॅमेरा

शेताच्या बांधावर, फार्महाऊसच्या कुंपणाला किंवा ओढ्याकाठच्या झाडाला ‘ट्रेल कॅमेरा’ बांधणारे हौशी आता महाराष्ट्रातही दिसू लागले आहेत. संशोधक आणि वन विभाग ज्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात, तेच हे यंत्र. समोरून प्राणी गेला की ते आपोआप छायाचित्र टिपते. माणूस जवळ नसताना प्राणी कसे वागतात, हे इतक्या कमी खटाटोपात दाखवणारे दुसरे साधन क्वचितच असेल. छंद म्हणून तो स्वागतार्हच आहे. मात्र कॅमेरा घेताना अनेकजण भलताच आकडा पाहतात आणि छायाचित्र मिळाल्यावर त्याहून मोठी चूक करतात.

आधी आकड्याविषयी. खोक्यावर ठळक छापलेले मेगापिक्सेल बऱ्याचदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. आतल्या सेन्सरची खरी क्षमता त्याहून बरीच कमी असते. त्यापेक्षा प्राण्याची चाहूल लागल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत किती वेळ जातो, ते पाहावे. तो अर्ध्या सेकंदाहून कमी नसेल, तर झपाझप जाणाऱ्या कोल्ह्याची फक्त शेपटी हाती लागते. रात्रीसाठी कॅमेऱ्यात अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोहोचतात, पण त्यांचा लालसर ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाला जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी. प्राण्यांना मात्र काहीच कळत नाही, असे समजू नये. कॅमेऱ्यांचा आवाज आणि प्रकाश अनेक सस्तन प्राण्यांना जाणवू शकतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले आहे. त्यामुळे पिल्ले असलेल्या गुहेजवळ किंवा बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावणे टाळलेच पाहिजे.

हा कॅमेरा सरकणाऱ्या उष्णतेवरून प्राणी ओळखतो. मे महिन्यातल्या दुपारी हवेचे तापमान आणि प्राण्याच्या अंगाचे तापमान जवळपास सारखे झाले, की समोरून गेलेला प्राणीही त्याच्या नजरेतून सुटतो. उलट उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी शेकडो रिकामी छायाचित्रे जमा होतात. म्हणून समोरचे गवत कापावे, कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे आणि तो गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला थोडा तिरका बांधावा. इतके करूनही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कॅमेऱ्यात प्राणी आला नाही, म्हणून तो तिथे नाही असे ठरत नाही.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. बांधावरच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की चित्रफीत तासाभरात गावभर फिरते आणि पाठोपाठ पिंजऱ्याची मागणी होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऊस आणि इतर पिकांच्या, दाट लोकवस्तीच्या त्या खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे छायाचित्रातला बिबट्या काल आलेला असेलच असे नाही. पुष्कळदा काल आलेला असतो तो कॅमेरा.

पकडून लांब सोडण्याचा अनुभवही राज्याच्या गाठीशी आहे. जुन्नर वन विभागात २००१ नंतर बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. अत्रेय यांच्याच २०११ मधील शोधनिबंधानुसार, त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. याचा अर्थ लोकांची भीती खोटी आहे, असा नाही. उसाच्या पट्ट्यात माणसे दगावली आहेत, आणि हल्ला झाला असेल तर वन विभागाने तातडीने पावले उचललीच पाहिजेत. पण केवळ एका छायाचित्रावरून पिंजरा लावायला भाग पाडणे गावाच्याच अंगाशी येऊ शकते.

काही पथ्ये मग आपोआप ठरतात. बिबट्या दिसल्यास शेजारच्या वस्त्यांना आणि वन विभागाला कळवावे; त्यासाठी १९२६ ही हेल्पलाइन आहे. समाजमाध्यमांवर ठिकाणासह चित्रफीत टाकू नये. प्राणी यावा म्हणून कोंबडीची आतडी टाकणे तर साफ चूक. त्याने बिबट्याला घराची वाट दाखवली जाते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो, त्यामुळे कॅमेरा आपल्याच जमिनीत बरा. आणि तिथेही माणसांच्या पायवाटेवर नको. कॉर्बेट परिसरातील कॅमेऱ्यांमुळे सरपणासाठी जंगलात जाणाऱ्या स्त्रियांवर पाळत ठेवली गेल्याचे २०२४ मधील एका अभ्यासात समोर आले आहे.

या छंदाचे खरे मोल एका झकास छायाचित्रापेक्षा नोंदवहीत आहे. तारीख, वेळ, प्राणी आणि रिकाम्या गेलेल्या रात्रीही त्यात लिहाव्यात. वर्षभराने एकाच बांधावरून मुंगूस, उदमांजर, साळिंदर, तरस कोण केव्हा जाते, याचे वेळापत्रक तयार होते. बिबट्याची फेरी सहसा किती वाजता होते हे कळले, तर शेळ्या केव्हा गोठ्यात बंद करायच्या आणि मुलांना अंगणातून केव्हा आत बोलवायचे, हेही ठरवता येते. बांधावर कॅमेरा लावण्याचे याहून चांगले कारण दुसरे नसावे.