दोन किकर हवेत की एकच?



ऑगस्ट संपत आला की एनएफएलच्या ३२ संघांत धाकधूक सुरू होते. सरावाला आलेल्या सुमारे नव्वद जणांतून फक्त ५३ ठेवायचे आणि बाकीच्यांना निरोप द्यायचा. त्या ५३ पैकी एक जागा किकरची ठरलेलीच असते. पण अधूनमधून एखाद्या संघाला मोह होतो, की केवळ किकऑफ मारण्यासाठी दणकट पायाचा आणखी एक गडी घ्यावा. हा मोह टाळलेलाच बरा, असे आमचे मत आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना सामन्यात मोजक्या वेळा मैदानात येणारा किकर सुरुवातीला पाहुणाच वाटतो. पण फेब्रुवारी २००२ च्या सुपर बोलमध्ये अ‍ॅडम विनातिएरीने शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून गोल मारला आणि पेट्रियट्स २०-१७ असे जिंकले. उलट जानेवारी १९९१ मध्ये स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स एका गुणाने हरले. तेव्हा एक भरवशाचा किकर हवाच, यात दुमत नाही. प्रश्न दुसऱ्याचा आहे.

डॅलस काउबॉईजनी २००९ मध्ये हा प्रयोग केला. फील्ड गोलसाठी निक फोक आणि किकऑफसाठी डेव्हिड ब्यूलर. त्या वेळी किकऑफ ३० यार्डांच्या रेषेवरून होत असे आणि चेंडू थेट एंड झोनमध्ये पोचला तर प्रतिस्पर्ध्याला २० यार्डांवरून सुरुवात करावी लागे, त्यामुळे ताकदीला मोल होते. पण फोकचे नेम चुकत गेले, डिसेंबरमध्ये त्याला काढावे लागले आणि फील्ड गोलसाठी शॉन सुइशमला आणावे लागले. दोन जागा अडवूनही तिसरा शोधावा लागलाच!

आता तर नियमही बदलले आहेत. २०११ मध्ये किकऑफ ३५ यार्डांवर आला. २०२४ मध्ये त्याची सगळी पद्धतच बदलली, आणि २०२५ पासून चेंडू थेट एंड झोनमध्ये मारला तर समोरच्याला ३५ यार्डांवरून सुरुवात मिळते. म्हणजे नुसती ताकद लावणे आता तोट्याचे. चेंडू गोल रेषा आणि २० यार्डांच्या मध्ये नेमका टाकणे हे खरे कसब, आणि ते नेहमीच्या किकरलाही सरावाने जमू शकते.

किकर जखमी झाला तर? २०१० मध्ये जेट्सविरुद्ध लायन्सचा जेसन हॅन्सन जखमी झाला. मग धिप्पाड बचावपटू एन्डामुकाँग सू याने जादा गुणाची किक मारली, ती खांबाला लागली आणि सामना जादा वेळेत गेला. लायन्स २३-२० असे हरले. हा धोका खराच आहे. पण आता प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये १६ जण ठेवता येतात. राखीव किकर तिथे ठेवावा आणि पुढच्या सामन्याला वर घ्यावा. भर सामन्यातल्या दुखापतीला मात्र इलाज नाही, तेवढी जोखीम पत्करावी.

कारण दुसऱ्या किकरसाठी जागा करायची, तर बहुधा एखाद्या नवख्या लाइनबॅकरला घरी जावे लागते. तो किकऑफला धावतो, पंटला अडवतो आणि कोणी लंगडला की त्याच्या जागी उभा राहतो. इतकी कामे करणाऱ्याची भाकरी काढून एकच काम करणाऱ्याला द्यावी, हे आम्हाला तरी पटत नाही.

असो. आपल्याला काय वाटते, ते जरूर कळवा.