एका तबकडीच्या दोन बाजू

बीटल्सच्या एका गाण्याचे संगीत मुंबईत ध्वनिमुद्रित झाले, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडने आपल्या वाद्यांपुढे मान तुकवली, पूर्वेच्या शहाणपणाला पश्चिमेने दाद दिली, असा सगळा सूर असतो. पण त्या गाण्यातले शहाणपण कोणाच्या सोयीचे आहे आणि कोणाच्या मुळावर येणारे आहे, हे कोणी विचारत नाही. ते आपण बायकांनी विचारायला हवे.

आधी हकीगत पाहू. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला. काम एचएमव्हीच्या स्टुडिओत चालले. तिथे एकाच ट्रॅकचे यंत्र होते, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे यंत्र आणवले. बाहेरचे आवाज सहज आत येत. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या, की जिना उतरणाऱ्यांच्या पावलांचा इतका आवाज होई की काम थांबवावे लागे, असे हॅरिसननेच पुढे सांगितले आहे. याच मुक्कामात सरोद, शहनाई, बासरी, पखवाज आणि हार्मोनियमवर 'द इनर लाइट' या गाण्याचे संगीत ध्वनिमुद्रित झाले. केंब्रिजचे संस्कृत पंडित हुआन मास्कारो यांनी 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथातल्या कवितेला चाल लावावी असे हॅरिसनला पत्राने सुचवले होते. गाण्याचे शब्द त्यावरून आले. फेब्रुवारीत लंडनला आवाज चढवला गेला आणि १५ मार्च १९६८ ला तबकडी बाजारात आली. तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या हॅरिसनचे. वाजवणाऱ्या मुंबईकर हातांची नावे त्यावर नव्हती. पुढे 'वंडरवॉल'च्या एलपीवर वादकांची नावे छापली गेली, पण त्या यादीत एकही बाई नाही.

आता ही तबकडी उलटून पाहू. तिच्या पहिल्या बाजूला 'लेडी मॅडोना' हे पॉल मॅकार्टनीने रचलेले गाणे आहे. पदरात मुले, हातात पैसा नाही, आठवडाभर कामाचा रगाडा, अशी ती आई. गाणाऱ्या पुरुषाला तिचे फार नवल वाटते: ही सगळे कसे निभावते? नवल करायला काही पडत नाही. भांडी घासायला मात्र वेळ लागतो. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७. शिवाय ते मुळात करणारे पुरुष शंभरात सव्वीसच.

दुसऱ्या बाजूला मुंबईत घडलेले गाणे. घर न सोडताही माणसाला जग कळू शकते, फिरण्याने ज्ञान वाढतेच असे नाही, असा त्याचा आशय. म्हणजे एका बाजूला आईच्या राबण्याचे कौतुक आणि दुसऱ्या बाजूला उंबरठ्याआतल्या ज्ञानाचा महिमा! ही जोडी कोणी ठरवून केली असेल असे मी म्हणत नाही. पण मैत्रिणींनो, हीच जोडी आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवली गेली आहे ना?

हे गाणे करण्यासाठी हॅरिसन लंडनहून मुंबईला आला, पुढच्याच महिन्यात ऋषिकेशला गेला. सगळे जग ज्याला मोकळे आहे, त्याने मनाशी ठरवून दार लावून घेतले तर ती साधना. जिचे दार दुसऱ्याच्या मर्जीवर उघडते, तिला तेच तत्त्वज्ञान कडीसारखे लागते. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत आणि अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींत काम करताना ही कडी मला रोज दिसते. "बाहेर काय ठेवलंय?" "मोबाइलवर सगळं जग दिसतं की घरबसल्या." "मणी ओवायचं काम घरीच आणून देतो, बाहेर कशाला जायचं?" लग्नाआधी ऑर्केस्ट्रात गाणारी मुलगी लग्नानंतर देवासमोर दोन आरत्या म्हणण्यापुरती उरते, आणि सासरचे कौतुकाने सांगतात, "गाते अजून, घरच्या घरी."

घरच्या घरी गाण्याचा हा मोठेपणा किती वरपर्यंत पोहोचतो ते पाहा. वंडरवॉलच्या त्या मुंबईतल्या ध्वनिमुद्रणात सरोद वाजवणारे आशीष खान हे अन्नपूर्णादेवींचे भाचे आणि शिष्य. हॅरिसनचे सतारीचे गुरू रविशंकर हे अन्नपूर्णादेवींचे पती. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी सूरबहार वाजवणारी, थोर दर्जाची कलावंत. पन्नाशीच्या दशकात तिने मैफली सोडल्या. संसार वाचवण्यासाठी सोडल्या, असे तिने पुढे सांगितले. रविशंकर यांनी वेगळी हकीगत मांडली. संसार तर वाचला नाहीच. हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवत ती मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहिली आणि १३ ऑक्टोबर २०१८ ला गेली. तिने व्यावसायिक तबकडी एकही काढली नाही. पतीच्या आणि भाच्याच्या तबकड्या जगभर वाजल्या, आणि तिच्या मौनाला आपण 'तपस्या' म्हणून हार घातले! ते मौन तिने निवडले असेल, तर तिच्या निवडीचा आदर करू. पण संसार की मैफल, असा पेच पुरुष कलावंतांपुढे कितीदा पडला?

कोणी म्हणेल, आपल्या आयाआज्यांनी जात्यावर बसूनच ओव्या रचल्या, मग दाराआडचे ज्ञान खोटे कसे? खोटे नाहीच. पण त्या जात्यावर बसल्या त्या पीठ हवे होते म्हणून. ओवी त्यांनी त्या कामातून हिसकावून घेतली. आणि त्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या त्या हेमा राईरकर आणि गी पोइटेव्हाँ यांच्यासोबत कार्यकर्त्या घराबाहेर पडून गावोगाव हिंडल्या म्हणून. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या आणि गाणारणीचे नाव, गाव टिपून ठेवले. नाव टिपायचे ठरवले तर टिपता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा आपल्या गटांसाठी तीन गोष्टी. पहिली: समुपदेशनात "मारतो का?" एवढ्यावर थांबू नका, "बाहेर पडू देतो का?" हेही विचारा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सालचा. त्याच्या नियमांतल्या पहिल्या नमुन्यात घराबाहेर पडू न देणे आणि नोकरी करू न देणे या दोन्ही गोष्टी छळ म्हणून नोंदवायची सोय आहे. ती रकाने भरून वापरा. दुसरी: मेळाव्यातली गाणी ध्वनिमुद्रित करताना रचणारीचे, गाणारीचे, ढोलकी वाजवणारीचे नाव लिहा. 'पारंपरिक' म्हणून मोकळे होऊ नका. तिसरी: तालमीची वेळ आणि जागा अशी ठेवा, की शेवटच्या गाडीची धास्ती न बाळगता बोरिवलीची मुलगीही येऊ शकेल.

साडेपाचला जिना उतरणाऱ्या पावलांनी हॅरिसनचे काम थांबवले होते. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या बायकांची पावले पुढे इतकी वाढली, की ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेला चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू करावी लागली. ध्वनिमुद्रणात तो आवाज अडथळा ठरला असेल. आपल्याला तो वाढवायचा आहे.