मनालाही ताप येतो



३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात जमीन हादरली. दगड-मातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. पुढे नवी घरं झाली; पण वाचलेल्या कित्येकांच्या मनातली भीती गेली नाही. भांडं पडलं तरी छातीत धडधड, छताखाली झोप नाही.

धोका टळला तरी अशी भीती जात नसेल, तर तो चिंतेचा आजार असू शकतो. कशातच गोडी नाही, सारखं उदास वाटतं, भूक-झोप बिघडली, आणि हे दोन आठवडे चाललं, तर नैराश्य असू शकतं. त्याला भूकंपच लागतो असं नाही. घरातली भांडणं, जवळचं माणूस जाणं, आनुवंशिकता, किंवा लातूर-नांदेडला शिकवणीसाठी एकटं राहणाऱ्या दादा-ताईंवरचं मार्कांचं ओझंही पुरतं.

हे नाटक नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. डॉक्टर निवांत बोलून निदान करतात. कधी रक्तही तपासतात, कारण थायरॉईड बिघडलं तरी अशीच लक्षणं दिसतात. उपचार म्हणजे समुपदेशन, गरज पडली तर गोळ्या. त्या आपल्या मनानं बंद करू नयेत.

पालकहो, ‘रडायला काय झालं?’ म्हणून दटावण्याआधी शेजारी बसा, ऐकून घ्या. आणि मुलांनो, मित्र ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाला, तर ते गुपित ठेवायचं नाही. लगेच मोठ्यांना सांगा. सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फोन रात्रंदिवस, मोफत चालतो. मराठीतूनही बोलता येतं.

ताप आला की आईला सांगता ना? मग हेही सांगा.

– तुमच्या बाई