हाफिजजींचा दाखला

मी वाशीचा, असं पुण्यात सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नवी मुंबईचे?" नाही. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. दिवाळीच्या आसपास जिथून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात, ती वाशी. तिथल्या मोहल्ल्यात मी वाढलो, इंजिनिअर झालो आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी नोकरी बदलली तेव्हा नव्या कंपनीनं माझी पडताळणी केली. पदवी खरी आहे का, हे विद्यापीठाला विचारलं. आधीच्या दोन कंपन्यांना मेल गेले. वाशीच्या घरी पत्ता तपासायला माणूस आला, तेव्हा पोरानं काय केलं म्हणून अम्मी घाबरली. या सगळ्याला तीन आठवडे लागले. माझं काम काय होतं? विम्याच्या पावत्या बरोबर निघतात की नाही, हे बघणं.

त्याच वर्षी आम्ही दीड वर्षाच्या मुलीला पाळणाघरात ठेवली. आम्ही दोघंही नोकरी करतो. पाळणाघरातल्या काकू मायाळू होत्या. मी फी विचारली, वेळ विचारली, दुपारी वरणभात देता का ते विचारलं आणि पैसे भरले. एके दिवशी काम लवकर संपलं म्हणून चार वाजताच तिला आणायला गेलो. दार एका अनोळखी तरुणानं उघडलं. काकू बाजारात गेल्या होत्या. आत सात लहान मुलं आणि तो एकटा. "मी भाचा," तो म्हणाला.

काहीही वाईट घडलेलं नव्हतं. मुलगी ठोकळे रचत होती. तो पोरगा कदाचित अगदी सज्जन असेल. पण जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की मला त्याचं नावही माहीत नाही. पावत्यांना हात लावण्याआधी माझी तीन आठवडे चौकशी झाली. माझ्या मुलीला हात लावणाऱ्याला मी एक प्रश्नही विचारला नव्हता. यात दोष काकूंचा कमी आणि माझा जास्त.

मग कायदा वाचायला बसलो. २०२० च्या पॉक्सो नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय की जी संस्था मुलांना ठेवून घेते किंवा मुलांच्या नेहमी संपर्कात येते, तिनं आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी सगळे त्यात आले. शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, कुणालाही सूट नाही. अनाथ, निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी सक्तीची आहे, मग ती सरकारी असो, खासगी असो, अनुदान घेणारी असो वा नसो. नोंदणी टाळली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खासगी बालवाड्यांसाठी राष्ट्रीय बालहक्क आयोगानं मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, असं प्रमाण दिलंय. पण मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. आणि छोट्या दुकानासारखी शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना दिली की पाळणाघराच्या भिंतीवर लावायला एक कागद मिळतो. त्या कागदाचा मुलांशी काही संबंध नसतो.

याचे परिणाम आपण पाहिलेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात आयानं दहा महिन्यांच्या बाळाला मारलं आणि आपटलं. कॅमेरा होता म्हणून ते कळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत कंत्राटी सफाई कामगारानं बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. प्रकार कळूनही पोलिसांना कळवलं नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला.

इथवर आपण सगळे माना डोलावतो. कारण इथवर बोलणं दुसऱ्यांच्या संस्थांचं आहे.

गेल्या बकरी ईदला वाशीला गेलो होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या मक्तबात असरनंतर तीसेक मुलं शिकतात. शिकवणारे हाफिजजी बिहारचे, वयानं तिशीच्या आतले, मशिदीच्या मागच्या खोलीत राहणारे. जमातीच्या बैठकीत मी म्हटलं, "हाफिजजींचा आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येकाचा पोलीस दाखला काढू या. आणि मागच्या खोलीत मुलांना एकेकटं बोलवायचं नाही, असा नियम करू या."

एक बुजुर्ग चाचा ताडकन म्हणाले, "हाफिजजी पे शक करता क्या रे तू?" दुसरे म्हणाले, "आधीच आपल्याकडे सगळे संशयानं बघतात, त्यात तू स्वतःहून पोलिसांना घरात बोलावतोस?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माझ्या कंपनीनं माझी पडताळणी केली तेव्हा मला चोर ठरवलं नव्हतं. सगळ्यांची करतात म्हणून माझी केली. पडताळणी सगळ्यांची झाली तर तो नियम होतो. एकट्याची झाली तरच तो शक होतो.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो खोटा नाही. ३० मे २०२३ ला दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या अररियातली ५९ मुलं महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला येत होती. भुसावळ आणि मनमाडला त्यांना उतरवून घेतलं. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला आणि त्यांना सुमारे चार आठवडे कोठडीत काढावे लागले. मुलं बारा दिवस नाशिक-जळगावच्या बालगृहांत राहिली. मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेल्याचं सांगून प्रकरण बंद झालं. ज्या मोहल्ल्यानं ही बातमी वाचलीय, तो पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आनंदानं कसा चढेल?

पण याच घटनेतून मी उलटा धडा घेतो. संशय घेणारा आपल्याकडे कागद आहे की नाही याची वाट बघत नाही. तो येतोच. मग प्रश्न एवढाच उरतो की तो आला तेव्हा आपल्या हातात काय आहे. मुलांची यादी, पालकांची लेखी संमती, शिकवणाऱ्याचा दाखला आणि संस्थेची नोंद असेल तर निरपराध माणसाची सुटका लवकर होईल. आणि जो निरपराध नाही, त्याला आपल्या मुलांपर्यंत पोहोचणं कठीण जाईल. दोन्ही कामं एकच कागद करतो.

बैठकीत हे मी नीट मांडू शकलो नाही. ते हाफिजजींनीच मांडलं. इतका वेळ ते दाराशी गप्प बसले होते. म्हणाले, "मेरा काग़ज़ बन जाए तो मेरे ही काम का है. सफ़र में सबसे पहले मुझसे ही पूछते हैं." त्यानंतर चाचा काही बोलले नाहीत.

आता दाखल्याच्या मर्यादा. दाखला फक्त नोंदलेला गुन्हा दाखवतो. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून करणारा माणूस तिथल्या एका शाळेत केअरटेकर होता. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे होत्या, पण नेमणुकीच्या वेळी शाळेपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यानंतर झालेल्या चौकशीतून तिथली पडताळणीची सगळी व्यवस्था बदलली. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते. शिवाय अशा बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, त्याच्या नावावर आधी काही नोंद असेलच असं नाही. म्हणून दाखल्याइतकंच महत्त्व उघड्या दाराला आहे, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हजेरीला आहे आणि मूल काही सांगतंय तेव्हा त्याला गप्प न बसवण्याला आहे. अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थाप्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. "मोहल्ल्याची बदनामी होईल" हा त्यावर बचाव नाही.

सरकारकडून काय हवं? परवाना म्हणजे पन्नास अटींची फाईल नको. तशी फाईल पुण्याच्या साखळी बालवाड्या सहज भरतील आणि दोन खोल्यांत सात मुलं सांभाळणाऱ्या काकूंचं पोट तेवढं बंद होईल. मग कामाला जाणाऱ्या धुणीभांडीवाल्या बाईचं मूल जाईल कुठे? मला हवी आहे तालुक्याला होणारी साधी, फुकट नोंदणी: इथे इतकी मुलं असतात, ही माणसं सांभाळतात. ती पाळणाघराला लागू, मक्तबाला लागू, पाठशाळेला लागू आणि आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहालाही लागू. पडताळणीला मुदत हवी, नकार लेखी हवा, आणि तपासायचे ते गुन्हे. माणूस कोणत्या राज्याचा आणि कोणत्या धर्माचा, हे नव्हे.

सरकार हे कधी करेल माहीत नाही. दाखल्याचा अर्ज मात्र राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर आजही करता येतो. आमच्या हाफिजजींचा अर्ज मी माझ्या लॅपटॉपवरून भरला. फी जमातीनं दिली. ठाण्यात बोलावलं तेव्हा त्यांना एकटं पाठवलं नाही, दोन ट्रस्टी सोबत गेले. हे दोन ट्रस्टी फार महत्त्वाचे आहेत. बाहेरगावच्या गरीब माणसाला "जा, दाखला घेऊन ये" म्हणणं ही पडताळणी नाही, ती आपली जबाबदारी झटकणं आहे.

मागच्या खोलीच्या नियमावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. चाचा म्हणतात, पुढच्या बैठकीत बघू. मी त्या बैठकीला जाणार आहे. तुमच्या मोहल्ल्यात अशी बैठक असेल तर तुम्हीही जा, आणि विचारणारे तुम्ही एकटेच असलात तरी विचारा. पुण्यातल्या काकूंनाही मी विचारलं. त्या आधी रागावल्या. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बाकीच्या आईबापांनी कसं नाही हो विचारलं इतके दिवस?"